टेकाडातले पूर्वज

टेकाडाच्या खोदकामात सापडलेलं सांगाड्यांचं जोडपं म्हणजे आपलेच पूर्वज, असं तोरेखान म्हातारा गावभर छाती ठोकून सांगायचा. जेवताना दस्तरखानावर, पंगतीच्या चादरीवर, घोड्याच्या मांसाचं ताट आलं, की "पूर्वजांची रीत" म्हणत स्वतःकडे ओढायचा. बायकोपुढे वरीची पेज.

आज सांगाडे तपासणारी झानार जेवायला आली होती. "आजोबा, जन्मभर काय खाल्लं त्याची चहाडी हाडांतला कार्बन करतो. तुमचा पूर्वज वरीवरच जगला. मांस खायची ती त्याची बायको."

त्याच्या बायकोनं, म्हाताऱ्या बाल्झियानं, शांतपणे ताट आणि वाटीची अदलाबदल केली. "पूर्वजांची रीत आहे, अहो. मोडायची नाही."

तोरेखान पेजेकडे बघत म्हणाला,

"तरीच म्हटलं, त्या कवट्यांची ठेवण पलीकडच्या गावातल्या लोकांसारखी कशी!"