मधल्या खोलीची हवा

चांगुणानं स्टूल घट्ट धरलं आणि मल्लिनाथ सरांनी तुळईच्या खिळ्याला डबी टांगली. मुठीएवढी प्लास्टिकची डबी, आत लाल फिल्मचा नखाएवढा तुकडा.

"तीन महिने हिला हात लावायचा नाही."

"धूळ बसली तर?"

"बसू द्या."

सर सोलापूरकडच्या एका कॉलेजात शिकवायचे. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन नावाच्या वायूचा अभ्यास करत होते. तेर गावाच्या अलीकडच्या या गावात त्यांना दहा घरं हवी होती. नऊ घरं सरपंचांच्या शब्दाखातर मिळाली. दहावं चांगुणानं आपणहून दिलं.

का, ते गावात कुणाला विचारावं लागलं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात पाणी संस्थेची विहीर खोदताना तिचा नवरा मच्छिंद्र आत गुदमरून मेला होता. सुरुंग उडवून अर्धा तासही झाला नव्हता. माणसं म्हणाली, आधी कंदील सोडून बघू, विझतो का. पण संस्थेचे चेअरमन होते तिचे सासरे आबाराव, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब पाहणीला यायचे होते. "उगं भ्या दावू नका," ते म्हणाले आणि पोटच्या पोराला दोर बांधून खाली सोडलं. पुढं विहिरीला पाणी लागलं. आबारावांच्या गळ्यात हार पडले.

तेव्हापासून चांगुणा हवेला भिते, असं गाव म्हणायचं. तिनं सासऱ्याला मात्र तेरा वर्षं काही कमी पडू दिलं नाही. भाकरी वेळेवर, अंघोळीला ऊन पाणी. अशी सून नशिबानं मिळते, असंही गाव म्हणायचं.

आबाराव दारातल्या उघड्या ढाळजेत बाजेवर बसून बिडी ओढत होते.

"हवा मोजायला आलं व्हय सायब? मोजा, मोजा," ते हसले आणि खोकत राहिले.

पोळ्याच्या आगेमागे घराघरांत, खोलीखोलीत टांगलेल्या डब्या सरांनी मार्गशीर्षात काढून नेल्या. पौषात ते निकाल घेऊन आले. आबाराव संस्थेच्या कचेरीत गेले होते. चांगुणानं चहा ठेवला.

"ढाळजेत काही नाही," सर म्हणाले. "स्वयंपाकघरातही नाही. मधल्या खोलीत कोण निजतं?"

"मीच."

"त्या खोलीखाली काही आहे का?"

"पेव हाय, ज्वारी साठवायचा खड्डा. दुष्काळापासून रिकामंच. वर फरशी टाकलीय."

"तिथूनच येतोय. फरशीच्या फटींतून वर येतो आणि खिडकी नाही म्हणून कोंडतो. दहा घरांत एवढा आकडा कुठंच नाही."

चांगुणानं पदर सावरला. "त्यानं माणूस गुदमरतो?"

"नाही. कळतसुद्धा नाही. वास नाही, रंग नाही. पण वर्षानुवर्षं तिथं निजलं तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. होईलच असंही नाही."

"आन् बिडी वढणारा आसंल तर?"

"मग धोका कितीतरी पटीनं वाढतो. आबारावांना तिथं बिलकूल निजू देऊ नका."

"ते ढाळजंतच असत्यात." तिनं चहा गाळला. "डाक्टरला कळतं का वो, कशानं झालं ते?"

सरांना तिची काळजी कळली. एकदा हवेनं माणूस नेलेलं घर. ते मऊ आवाजात म्हणाले, "नाही, बाई. डॉक्टर बिडीलाच दोष देतील. म्हणून आधीच जपायचं. फटी सिमेंटनं बुजवा, भिंतीला खिडकी पाडा, तोवर तुम्हीही ढाळजेत निजा."

"निजते," चांगुणा म्हणाली.

दुपारच्या एसटीनं सर गेले. तिनं लगेच मधल्या खोलीतली आपली वाकळ, ट्रंक, कपडे बाहेर काढले. खोली झाडली, पुसली. उन्हात तापवलेल्या गोधड्या झटकल्या. दिवस कलंडेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत.

दिवेलागणीला आबाराव आले आणि ढाळजेत थबकले.

"माझी बाज कुठाय?"

"मधल्या खोलीत घातली, मामंजी. हितं थंडी लई. आता म्या हितं निजीन."

 म्हातारा आत जाऊन बाजेवर बसला, गोधडीवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"लई ऊब हाय गं पोरी," तो म्हणाला. मग बिडी पेटवता पेटवता त्याला आठवलं. "सायब येऊन गेला म्हनं. काय म्हनला?"

चांगुणानं बाहेरून दार ओढून घेतलं.

"हवा चांगली हाय म्हनले. तुमी निवांत निजा."