बिनशंखाची

"हा पडलेला नाही. याला कुणीतरी मारलंय," कुत्र्याच्या पोटावरचे केस बाजूला करत डॉक्टरीण म्हणाली.

टेबलापलीकडे नवराबायको उभे होते. पोटाच्या पातळ कातडीवर जांभळे डाग होते, त्यातला एक चांगला तळहाताएवढा. कानाच्या आत रक्त साकळलं होतं. हिरड्या पुसल्या तरी पुन्हा लाल होत होत्या. ढब्बू मात्र शहाण्यासारखा उभा होता आणि मधूनच खोकत होता.

डॉक्टरीण सकाळपासून उभीच होती. पायांचे गोळे झाले होते, दुपारचा चहा खिडकीत तसाच साय धरून बसला होता. शेवटचा पेशंट म्हणून ढब्बूला आत घेताना तिला वाटलं होतं, साधा खोकला असेल, औषध देऊ आणि घरी जाऊन आडवं होऊ. तर नशिबात हे. माणसं कुत्री पाळतात कशाला, हे कोडं तिला इतक्या वर्षांत काही सुटलं नव्हतं.

"मी? मी ढब्बूला मारीन?" नवऱ्याचा आवाज चढला.

"मी तुमचं नाव घेतलेलं नाही."

"मग आमच्या घरात तिसरं आहे कोण? अहो, लेकरासारखा वाढवलाय त्याला. मुक्या जनावरावर हात उगारणारा माणूस वाटतो का मी तुम्हाला?"

"बागेत गोगलगायी फार झाल्यात," बायको हळूच म्हणाली. "शंखाच्या नाही, त्या नुसत्या बुळबुळीत, बिनशंखाच्या. त्याच्या पाण्याच्या भांड्यात चढून बसतात. हा चाटतो, एखादी गिळतोसुद्धा."

"घ्या! हिला जिथेतिथे किडेच दिसतात," नवरा म्हणाला. "डॉक्टर बोलतायत काय आणि हिचं चाललंय काय."

डॉक्टरणीने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. जिन्यावरून पडला, दारात सापडला, शेजारच्या पोरांनी दगड मारला, सगळ्या सबबी ऐकून तिचे कान किटले होते. गोगलगायी तेवढ्या नवीन होत्या.

"हे बघा," ती म्हणाली, "मला प्राणिरक्षण संस्थेला कळवावं लागेल. ते आजच येतील आणि याला घेऊन जातील. चौकशी होईपर्यंत हा तुमच्या घरी जाणार नाही."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो टेबलाला वळसा घालून पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. ढब्बूने लगेच त्याच्या तळव्यात तोंड खुपसलं. शेपटी अशी हलायला लागली की मागचे पाय टेबलावर घसरले. माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

डॉक्टरणीने उचललेला फोन खाली ठेवला. ती थकली होती, पण आंधळी झाली नव्हती. मार खाल्लेलं कुत्रं मारणाऱ्याचा हात असा जवळ घेत नाही. कान पाडतं, अंग चोरतं, टेबलाखाली शिरायला बघतं. मग हे डाग आले कुठून? आणि हा खोकला?

"फोनवर त्याची शी आणायला सांगितली होती. आणलीत?"

नवऱ्याने पिशवीतून डबी काढून दिली. झाकणाला व्यवस्थित चिकटपट्टी लावलेली होती. एवढी काळजी घेणारा माणूस तिला फार दिवसांनी भेटला.

तिने काचेवर थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. काचेवर बारीक अळ्या वळवळत होत्या, शेपटीशी वाकड्या झालेल्या.

"तुमच्या मिसेस बरोबर बोलत होत्या," ती सरळ होत म्हणाली. "गोगलगायींच्या अंगात हे जंत असतात. कुत्र्याने गोगलगाय गिळली की ते पोटातून थेट काळजापर्यंत जातात, फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत घर करतात. म्हणून खोकला. आणि रक्त गोठायचं थांबतं. मग खुर्चीचा पाय लागला तरी अंग काळंनिळं होतं. कुणी हात लावायची गरजच नसते."

"कुणी हातच लावलेला नसतो?" बायकोने विचारलं.

"नसतो. औषध देते, वेळेत आलात. पाण्याचं भांडं घरात ठेवा, त्याची खेळणी बागेत टाकू नका. आणि गोगलगायींना विष घालू नका, ते हाच खाईल." मग तिने नवऱ्याकडे वळून हात जोडले. "माझं चुकलं. उगाच तुमच्यावर आळ घेतला."

"अहो, असू द्या," नवरा मोठ्या मनाने म्हणाला. "ज्याला बोलता येत नाही त्याची बाजू घेतलीत तुम्ही. हल्ली कोण घेतं?" त्याने ढब्बूला अलगद उचललं. "मी याला गाडीत बसवतो. तू औषध घेऊन ये. लवकर."

दार बंद झालं. डॉक्टरणीला दिवसभरात पहिल्यांदाच हलकं वाटलं. जगात अजून चांगली माणसं आहेत म्हणायची. गोळ्या मोजता मोजता तिला स्वतःचंच हसू आलं.

"हे माणसांना होतं का?" बायकोने विचारलं.

"छे, छे. निर्धास्त राहा. कुत्र्याकोल्ह्यांचाच रोग आहे हा. तुम्हाला काही होणार नाही."

बायकोने काचेतून बाहेर बघितलं. नवरा मागच्या सीटवर ढब्बूच्या अंगाखाली पांघरूण सारखं करत होता. तिने मनगटाचं बटण सोडलं आणि बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. दंडावर पाचही बोटं उठली होती, जांभळी.

"माणसांनाही होतं म्हणून सांगाल का, डॉक्टर?" ती म्हणाली. "उद्या माझी आई येणार आहे."