नियमात बसणारा फोटो

नल्लकुंट्यातली आमची गोल गॅलरीची इमारत सोमवारी पाडणार, अशी नोटीस दारावर लागली. खाली बंद पडलेला छापखाना, वर आम्ही भाडेकरू. मी ट्रंकेतून आजेसासऱ्यांच्या काळचा तिचा फोटो शोधून काढला आणि ‘आठवणीतलं हैदराबाद’ या फेसबुक ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "ही इमारत वाचवायला या." चहा उकळायच्या आत फोटो गायब!

ग्रुप चालवणाऱ्या उमरीकर काकांना फोन लावला.

"माधवी, फोटो झकास आहे गं," काका म्हणाले. "पण आपल्या ग्रुपवर फक्त पाडलेल्या वास्तूंचेच फोटो चालतात. तुमची तर अजून उभी आहे ना?"

"हौ काका, सोमवारपर्यंत आहे."

"मग थांब की सोमवारपर्यंत. एवढी घाई नक्को."

सोमवारी आमचं सामान टेम्पोत चढलं आणि मागोमाग जेसीबी गल्लीत शिरला. गॅलरी खाली आली तेव्हा मी टेम्पोत गाद्यांवर बसले होते. तिथूनच तो फोटो पुन्हा टाकला. या खेपेला खाली काहीच लिहिलं नाही.

दिलसुखनगरला नणंदेच्या घरी पोचेपर्यंत काकांनी फोटो ग्रुपच्या अगदी वर नेऊन लावला होता. खाली हात जोडलेल्यांची आणि रडणाऱ्यांची रांग लागली होती. पहिली कॉमेंट काकांचीच होती:

"अरेरे! केवढी देखणी वास्तू गेली! कुणी वेळेवर कळवलं असतं, तर आपल्या ग्रुपनं ती पाडू दिली नसती."