सरांची शिट्टी

"आयुष्यभर शिट्टी फुंकून काय भेटलं तुमाले?" सकाळीच सुलोचनाबाईंनी नवऱ्याला टोमणा मारला होता. ते कॉलेजच्या मुलींचे बास्केटबॉल कोच. संध्याकाळी मैदानावरच त्यांच्या निवृत्तीचा सत्कार झाला. पण माइक हातात येताच सरांनी तो बाजूला ठेवला. त्यांनी गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली. खुर्च्या धडाधड मागं पडल्या. एसटीची कंडक्टर, सेवाग्रामची नर्स, कडेवर लेकरू घेतलेली नाचणगावची सून, साऱ्या जुन्या खेळाडू पळत जाऊन पांढऱ्या रेषेवर ताठ उभ्या राहिल्या. शेवटी पोचेल तिनं मैदानाला फेरी मारायची, हा सरांचा नियम. आज शेवटी पोचल्या त्या मंचावरून उतरलेल्या प्रमुख पाहुण्या, खाकी वर्दीतल्या पोलीस अधिकारी. "अंजे, आजबी उशीर?" सर गरजले. "सॉरी, सर!" म्हणत टोपी शिपायाच्या हातात देऊन बाई धावत सुटल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सुलोचनाबाई खुर्चीतून कधी उठल्या, त्यांनाच कळलं नाही.