अख्खं लिंबू

सायलेन्सरनं पाय भाजू नये म्हणून तण काढायच्या भांगलणीच्या यंत्राचं इंजिन मी घरी जोडलेल्या मोटारसायकलवर तोंड फिरवून बसवलं. स्टँडवर मागचं चाक फिरलं, एवढंच पाहिलं. कुठल्या बाजूला, ते नाही. आज पूजेला आईनं पुढच्या चाकाखाली फोडायचं लिंबू ठेवलं. "गाडी अंगावर यील, ताट घिऊन मागं भिंतीकडं थांब," मीच म्हणालो. रेस दिली आणि गाडी मागं सुटली. मूठ सोडली तरी रेस उतरेना. ब्रेक दाबूनही चाक मागंच ओढत होतं. आरतीच्या दिव्याची धग पाठीला लागली. वळून बघवेना. खाली हात घालून प्लगची टोपी उपसली. झटका खांद्यापर्यंत गेला, इंजिन गप्प झालं. मडगार्ड आणि भिंतीमधल्या फटीतून आई निसटली. तिनं चाकापुढचं अख्खं लिंबू उचललं. "सांग की, ह्ये फुटंस्तवर मी कुठं उभी ऱ्हाऊ?"