ओळखला फेलो

“छातीत कळ येतेय,” खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला आणि नोंदणीच्या बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. दरवर्षी मेली छातीच! एवढं शिकून येतात, पण दुसरं दुखणं म्हणून सुचत नाही.

हॉस्पिटल दरवर्षी एक फेलो आणायचं. म्हणजे कॉलेजातून नुकतंच सुटलेलं, दवाखान्याचा कारभार पुस्तकात वाचून आलेलं एक बाळ. वर्षभर इथं शिकणार आणि पुढे आपल्याच डोक्यावर साहेब म्हणून बसणार. पहिल्या आठवड्यात त्यानं गुपचूप पेशंट बनून रांगेत बसायचं आणि अहवाल लिहायचा, असा रिवाज होता. शेंबूड पुसायची अक्कल नाही, आणि बावीस वर्षं खिडकी सांभाळणाऱ्यांना हे गुण देणार! मागच्या फेलोच्या एका ओळीनं शेजारच्या खिडकीतल्या भाऊंची रवानगी तळघरात झाली होती, चादरी मोजायला. बाईंना यंदा सुपरवायझर व्हायचं होतं. कागद वर गेला होता. अहवाल तेवढा आडवा यायला नको होता.

त्यांनी माणसाला न्याहाळलं. तिशीच्या आतला, कडक इस्त्रीचा शर्ट, सोबत कुणी नाही, सारखं घड्याळात बघणं. घामसुद्धा आणलाय लेकानं!

“अगंबाई, उभे का तुम्ही?” बाईंच्या आवाजात मध आला. त्यांनी व्हीलचेअर मागवली, स्वतः बाहेर येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ‘कागदपत्रं नंतर करू हो’ म्हणत त्याला थेट तातडीच्या विभागात धाडलं. चार मिनिटांत. लिही म्हणावं आता.

“मावशी, मी साडेआठपासून बसलेय,” पहिल्या बाकावरची, पोट धरून बसलेली मुलगी म्हणाली. “तो तर आत्ता आला.”

एरवी बाईंनी तिला तिथंच झापलं असतं. पण आज त्या खुशीत होत्या. खिडकीतून वाकून हळूच म्हणाल्या, “अगं, त्याला काही झालेलं नाही. तपासायला आलेला फेलो आहे तो. नुसतं नाटक!”

“नाटक आहे, तर आधी का सोडलंत?”

“नाटक आहे म्हणूनच! खरे पेशंट कुठं जातात? बसतात बिचारे.”

“आणि त्याला खरंच काही झालं असतं तर?”

“तर बसला असता तुझ्या मांडीला मांडी लावून!” बाई खुदकन हसल्या.

तासाभरानं तातडीच्या विभागातले डॉक्टर जवळजवळ धावतच आले. “बाई, कमाल केलीत! हार्ट ॲटॅक होता. अजून दहा मिनिटं बाकावर बसला असता, तर हाताला लागला नसता.”

बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. “ॲटॅक? फेलोला?”

“कसला फेलो? शाळेत मास्तर आहे. परीक्षा सोडून आलाय, म्हणून जीव घड्याळात अडकलेला.”

बाईंना घाम फुटला. मग हळूहळू उमगलं, माणूस तर वाचला! आणि वाचवला कुणी? त्यांनी पदर सारखा केला. “अहो, चेहरा बघितला की कळतं. बावीस वर्षं झाली.”

“हे अहवालात यायलाच हवं,” डॉक्टर म्हणाले आणि पहिल्या बाकाकडे वळले. “मॅडम, काल मीटिंगमध्ये भेटलो आपण. बाईंचं हे लिहाल ना?”

मुलगी पोटावरचा हात काढून सरळ बसली. “लिहिलंय डॉक्टर,” ती म्हणाली. “मावशींच्याच शब्दांत.”