पुराव्याची कुपी

२०६३ साली माणसं जुने वास कुप्यांत भरून ऑनलाइन लिलावात विकत. मिरजेच्या जुबेदाबींनी हातातल्या पाटल्या मोडून 'सतारीच्या कारखान्याचा अस्सल वास' मिळवला. सतारी घडवणारा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. कुपी उघडली, तर नुसतं चंदन!

"आमच्या ह्यांच्या अंगाला वाळल्या भोपळ्याचा, लाखेचा, तंबाखूचा वास यायचा हो," त्या तपास अधिकारी अवनी घोरपड्यांना म्हणाल्या.

"आजी, बोली लावण्याआधी नमुना मागवायचा असतो. असो. आता डोळे मिटा आणि तो वास आठवा."

डोक्याला लावलेल्या यंत्राने आठवणीतला वास हुबेहूब कुपीत उतरवला. जुबेदाबींनी अधीर होऊन हात पुढे केला.

"हा पुरावा आहे, आजी. फक्त तारखेला, कोर्टातच उघडायचा."

विक्रेता बिपिन सगळे पैसे परत करून तडजोडीला तयार झाला. जुबेदाबींनी साफ नकार दिला.

पुढे घोरपडेबाई बढतीवर नांदेडला गेल्या. शेवटी बिपिनने कंटाळून गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. तोवर जुबेदाबी चौदा तारखांना पहिल्या बाकावर बसल्या आणि दर वेळी कुपी उघडली की डोळे मिटून खोल श्वास घेत राहिल्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला, नियमाप्रमाणे कुपी नष्ट झाली, आणि खटला जिंकून त्या एकट्याच रडल्या.